साल्वादोरचा होकार

१

गणपत परब रोज दुपारी पावणेचारला काजूच्या कारखान्यातून घरी यायचा, हात साबणाने तीनदा धुवायचा, तरी बोटांना उरलेला काळपटपणा लुंगीला पुसत पडवीतल्या बाकावर बसायचा. मग चहा. आणि चहाबरोबर ‘मांड’.

मांड म्हणजे गावात शिमग्याला माणसं जमतात ती जागा. गणपतचा मांड मोबाइलमध्ये होता. ‘गजालीचो मांड’ नावाची साइट, पंधरा वर्षं चाललेली. साडेतीनशे सभासद, निम्मे मुंबईत, थोडे मस्कत-दुबईत, उरलेले वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत पसरलेले, आणि सगळे मालवणीत भांडणारे. गणपत तिथला एकटा राखणदार. कोणी घाण बोललं तर त्याचं लिखाण उडवायचं, फारच झालं तर माणसाचं खातं काही दिवस बंद ठेवायचं. पगार शून्य, मिजास तहसीलदाराची.

त्या मांडाचा जीव होता साल्वादोर. कसालच्या बाजारात खिळे-पत्र्याचं दुकान चालवणारा, साठी ओलांडलेला, घरात एकटा. जातीने ख्रिश्चन, पण गाऱ्हाणं त्याच्यासारखं कोणाला जमत नसे. देवळात गावकर सगळ्यांच्या वतीने देवाकडे एकेक मागणं मांडतो, आणि दर मागण्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात, ते गाऱ्हाणं. साल्वादोर कशावरही गाऱ्हाणं रचायचा. तळेऱ्याच्या रस्त्याबद्दल एकाने मांडावर रडगाणं लावलं तेव्हा त्याने लिहिलं होतं, “बा म्हाराजा, ह्या खड्ड्यांका राखणदेवाचो मान दे, म्हणजे वर्साक एक नारळ तरी पडात तेंच्यात.” दुसऱ्या एकाने आई आणि बायकोच्या भांडणावर सल्ला मागितला, तर, “बा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरातल्यो दोन चुली एक कर. होयत नसल्यो तर ह्येच्यासाठी तिसरी वायली मांड.” आणि कोणी बढाई मारली की खाली नुसते दोन शब्द टाकायचा. व्हय म्हाराजा. तेवढ्यावर त्या बढाईची हवा जायची.

गेल्या फेब्रुवारीत तो दुकानातच गेला. मांड सुना झाला. माणसं अजून म्हणत, आज साल्वादोर असता तर.

म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी राखणदार ह्या नात्याने गणपतनेच गाऱ्हाणं लिहिलं. देवाला नाही, साल्वादोरलाच.

“बा साल्वादोर म्हाराजा, तुझी जागा आमी कोणाक दिली नाय. जंय आसशीत थंयसून ये, आमच्यात येवन बस. आमी काय बोललो तर आधीसारखो तुझो होकार आयकाक येवंदे.”

एकशे बारा जणांनी खाली ‘व्हय म्हाराजा’ लिहिलं. कोणी रडका चेहरा जोडला, कोणी हात जोडले. वाचताना गणपतचे डोळे भरून आले, आणि छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. ते काय होतं ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी मांड वाचता वाचता चहा राहूनच गेला.

“गो मथुरा, चाय निवली बग,” तो कुरकुरला.

“व्हय म्हाराजा.”

आवाज मागच्या खोलीतून आला. तिथे तांदळाचं पिंप, जुनी पेटी आणि मुलीच्या शाळेची पुस्तकं, दुसरं काही नाही. मथुरा तर मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, गणपतला ती खिडकीतून दिसत होती.

रेडिओ असेल कोणाचा, असं म्हणून त्याने चहा स्वतःच गॅसवर ठेवला. उकळी आली. कपातून वाफ निघत होती. त्याने घोट घेतला आणि तो थंड लागला. नुसता कोमट नव्हे, विहिरीच्या पाण्यासारखा थंड. पुन्हा गरम केला, बोटाला भांड्याचा चटका बसला, आणि चहा थंडच.

गणपत विचार करणारा माणूस. बारावी सायन्स झालेला. जिभेला काहीतरी झालं असणार, म्हणून त्याने मिठाची गुळणी केली. ती व्यवस्थित कोमट लागली.

३

त्यानंतर तो आवाज येत राहिला. दर बोलण्याला नव्हे. कधी दिवसभर नाही, कधी तासात दोनदा. आणि फक्त गणपतला. मथुरेला विचारलं तर म्हणाली, “कान धुवन घ्या.”

आवाज ओळखायला दोन दिवस लागले असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे पहिल्याच वेळी ओळखला होता. सभासद दरवर्षी मालवणात भेटत तेव्हा ऐकलेला. नाकातून निघणारा, आणि शेवटचा ‘जा’ लांबवणारा, अर्धा हसण्यात बुडालेला. फरक इतकाच की हसणं आता नव्हतं. लांबवणं तेवढं राहिलं होतं.

मालवणी माणसाची जीभ तुम्हाला ठाऊक आहे. प्रेमाने बोलला तरी दोन मढी पाडेल. पोराला हाक मारायची तर ‘मेल्या’, दार वाजलं तर ‘मोडान पडांदे’. त्यात ना राग असतो ना मनात काही. गणपत तर ह्यात गावात पहिला.

बुधवारी विहिरीचा पंप सुरू होईना. “जळांदे मरे ह्यो पंप,” तो म्हणाला, आणि मागच्या खोलीतून होकार आला. पंपातून धूर निघाला. विजेचा दाब कमीजास्त होतो, पंप जळतात, त्यात नवल काय. गुरुवारी शेजारचा बाबली स्कूटरचा भोंगा वाजवत गेला. “पाय मोडांदे ह्येचो एकदा,” गणपतच्या तोंडून गेलं, आणि होकार आला. ह्या वेळी तो मागच्या खोलीतून नव्हे, माजघरातून आला.

संध्याकाळी बाबलीला ओरोसच्या दवाखान्यात नेल्याचं कळलं. उताराला स्कूटर घसरली. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलं.

गणपत त्या संध्याकाळी जेवला नाही. तो काय विचार करत होता हे सांगायला नको, कोणत्याही बापाने तोच केला असता. शनिवारी त्याची संचिता येणार होती. कोल्हापूरला औषधांचं शिकत होती, शिमग्याच्या सुट्टीला चार दिवस घरी. आणि संचिताची जीभ आईबापावर गेलेली. भूक लागली तरी मेलंय, दमली तरी मेलंय, हसली तरी मेलंय. दिवसातून पन्नासदा.

४

शुक्रवारी सकाळी त्याने तिला फोन लावला. मालवणीत बोलायची त्याला भीती वाटत होती. म्हणून कचेरीत साहेबासमोर बोलतो तसं बोलला.

“संचिता, तू ह्या वेळी घरी येऊ नकोस. पुढच्या महिन्यात ये.”

“बाबा, खंयच्या हापिसातसून बोलतास?” ती हसायला लागली. “तिकीट काडलंय मी. आयेक सांगा, सोलकडी करून ठेव.”

फोन ठेवला आणि त्याच्या ध्यानात आलं की एवढ्या बोलण्याला होकार आला नव्हता. मग त्याने घरातही तेच धरलं. शुद्ध, पुस्तकी, जपून. “मथुरा, कृपया मला थोडं पाणी देशील का?” मथुरेने पाणी दिलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिचीही जीभ त्याला आवरायची होती. दूध उतू जाताना ती “आग लागो ह्या दुधाक” म्हणाली. होकार आला. आता तिच्या बोलण्यालाही यायला लागला होता. पातेल्याच्या तळाशी काळा कोळसा उरला. मथुरा गॅसवाल्याला शिव्या घालत बसली, आणि गणपत तिला म्हणाला, “आपण कृपया शांत राहावे.”

“आपण?” मथुरा म्हणाली. “पंचवीस वर्सां झाली लग्नाक, आपण कोण?”

५

बाबलीकडे तो दवाखान्यात भेटायला म्हणून गेला. बाबली देवळात गाऱ्हाणं घालणारा, घराण्याचा मान. पाय प्लास्टरात उशीवर ठेवून पडला होता. गणपतने इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, एकदा घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येतं का.

“कोणाक घातलंस?”

“असंच विचारतोय.”

बाबलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. पाय का मोडला हे त्याला माहीत नव्हतं, पण माणूस मुरलेला होता.

“घेता येता. पण जेच्या तोंडान घातला तेच्याच तोंडान. आणि काय चूक केलंस ती नाव घेवन सांगूची लागता.”

“आपण ‘काय चुकला माकला आसात तर माफी कर’ म्हणतो ना शेवटी?”

“ता देवाक चलता. देवाक सगळा ठावक आसता. माणसाक चलणा नाय,” बाबली म्हणाला आणि कूस बदलता येत नाही म्हणून कण्हला.

चूक काय ती गणपतला पाठ होती. गेल्या वर्षी त्याने मांडावर नवे नियम लावले, अठरा कलमं. साल्वादोरने खाली लिहिलं, “बा म्हाराजा, ह्या राखणदाराक खुर्ची गावली हा, आता तेका बसाक ढुंगाण दे.” नव्वद जणांनी व्हय म्हाराजा केलं. मस्कतवाल्यांनीसुद्धा. गणपत दिवसभर कारखान्यात तोंड लपवून फिरला, आणि घरी येऊन त्याने साल्वादोरचं खातं सात दिवसांसाठी बंद केलं. कोणाला न सांगता.

बंद खात्यातून एकच गोष्ट करता येते, राखणदाराला निरोप पाठवणं. तिसऱ्या दिवशी निरोप आला. “उघड रे गणपत. एक बोलाचा आसा.” चौथ्या दिवशी पुन्हा तोच. गणपतने दोन्ही वाचले. वाचले की समोरच्याला ‘वाचलं’ असं दिसतं, हेही त्याला माहीत होतं. सात दिवस म्हणजे सात दिवस, असं म्हणून त्याने मोबाइल खिशात टाकला. पाचव्या दिवशी साल्वादोर गेला. गणपतने सगळ्यात आधी खातं उघडलं, निरोप पुसले, आणि मग पहिली श्रद्धांजली स्वतः लिहिली.

त्या घरात साल्वादोरला बोलायला दुसरं कोणी नव्हतं. काय बोलायचं होतं ते राहिलंच.

६

शनिवारी गणपत कामावर गेला नाही. संचिताची गाडी चारला थांब्यावर येणार. सकाळी दहाला तो बाकावर मोबाइल घेऊन बसला.

“बा साल्वादोर म्हाराजा, मी तुझा तोंड बंद केलंय,” एवढं लिहिलं आणि त्याचा अंगठा थांबला. साडेतीनशे माणसं वाचणार. पंधरा वर्षं राखलेलं नाक. मस्कतवाले काय म्हणतील, मुंबईवाले काय म्हणतील. त्याने ती ओळ पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शेवटी लिहिलं, “बा साल्वादोर म्हाराजा, आमच्या हातसून काय चुकला माकला आसात तर माफी कर, आणि तू सुखान जा.”

पाठवलं. दुपारपर्यंत साठ-सत्तर जणांनी व्हय म्हाराजा केलं. किती सुंदर लिहिलंत गणपतराव, असंही कोणी म्हणालं.

घरातून होकार आला नाही.

आठवडाभर ज्या आवाजाने झोप उडवली, तो आता यावा म्हणून गणपत कान देऊन बसला. मागच्या खोलीच्या दाराशी गेला. “आयकलंस मां?” त्याने हळूच मालवणीत विचारलं. आत पिंपाचं झाकण थोडं सरकल्याचा आवाज झाला आणि सगळं गप्प झालं. ते ऐकत असल्याचं गप्प राहणं होतं. दुकानात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं आणि दुकानदार उत्तर देत नाही, तसं.

त्याला कळलं की पुरी ओळ लिहायला हवी होती. लिहायचीच, आत्ताच, नाक गेलं खड्ड्यात. तो बाकाकडे वळला, तेवढ्यात मथुरा सोलं भिजत घातलेलं भांडं घेऊन आली.

“चेडू येतला आता. तिच्याफुडे तरी माणसासारख्या बोला,” ती म्हणाली.

“मथुरा, मी विनंती करतो, तू आत्ता काहीही बोलू नकोस.”

झालं. दोन दिवस साठलेलं फुटलं. “सरकारी नोटिसीसारख्या बोलतास, माका माज्याच घरात गप ऱ्हव म्हणतास. ह्येच्यापरीस तुमची वाचा एकदाची बसांदे, म्हणजे माज्या जीवाक सुख गावात.”

“व्हय म्हाराजा.”

ह्या वेळी आवाज बाकावरून आला, गणपत बसायचा त्या जागेवरून. मथुरा भांडं घेऊन पाय आपटत आत गेली. गणपतने तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर पडली. खाकरला तर खाकरण्याचाही आवाज नाही. नरड्यात कोणीतरी दार लावून घेतलं होतं.

बोटं मात्र चालत होती. त्याने मोबाइल उचलला, मांड उघडला. लिहायची जागा नव्हती. तिथे एक ओळ होती, जी आजवर त्याने दुसऱ्यांना पाठवली होती. ‘राखणदाराने आपले खाते सात दिवसांसाठी बंद केले आहे.’

राखणदार तो एकटाच होता. त्याने दोनदा बाहेर पडून पाहिलं, मोबाइल बंद करून चालू केला. तीच ओळ. तिच्याखाली तेवढं एक बटण, राखणदाराला निरोप पाठवा. त्याने लिहिलं, “उघड रे. बोलाचा आसा.”

पाठवल्याबरोबर खाली अक्षरं उमटली. वाचलं.

तो थांबला. बाकीचं काही आलं नाही. मोबाइल हातात धरून तो आत गेला. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दुपारचं ऊन कौलाच्या फटीतून पिंपावर पडलं होतं, आणि पिंपापलीकडे पेटीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. खांदे पडलेले, मान खाली, हातातल्या कशावर तरी वाकलेलं. माणूस आवाज न करता हसतो तेव्हा पाठ हलते, तशी ती पाठ हलत होती. मग हलायची थांबली, आणि मान इकडे वळायला लागली. गणपतने दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

७

चार वाजून दहा मिनिटांनी अंगणात चपला वाजल्या.

गणपतने कागद शोधला. बिलाच्या मागे लिहिलं, काही बोलू नको. घाईत अक्षर लागेना. तो तसाच कागद घेऊन पडवीत धावला. मथुरा त्याच्या आधी पुढे झाली होती.

“इलंस गो बाय?”

“इलंय.” संचिता पाठीवरची सॅक खाली टाकत होती. तोंड उन्हाने लाल झालेलं, कपाळाला केस चिकटलेले. बापाकडे बघून हसली. त्याने कागद पुढे केला, ती तो घेता घेता आईशीच बोलत होती. “गो आये, पयला पाणी दी. उकाड्यान मेलंय मी.”

गणपतने कान दिला. बाकावर काही नाही, माजघरात काही नाही, मागच्या खोलीत काही नाही. घरातून कुठूनच होकार आला नाही. एक क्षण त्याला वाटलं, सुटलो.

मग त्याचं स्वतःचं नरडं हललं. दुपारपासून मेलेलं नरडं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, दात ओठांत रुतवले, रक्ताची चव आली. तरी ते बोटांच्या फटींतून बाहेर आलं, नाकातून, सावकाश, शेवटचं अक्षर लांबवत.

“व्हय म्हाराजा.”

“बाबा, ह्यो कोणाचो आवाज काडतास?” संचिताला गंमत वाटली. कागद तिने अजून वाचला नव्हता. पाणी येईस्तोवर जरा टेकतंय म्हणून ती पायरीवर बसली.

मथुरा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा ती खांबाला डोकं टेकून बसली होती, कागद मांडीवर तसाच होता, आणि तांब्या घ्यायला तिने हात पुढे केला नाही.